दगडावरचं नाव

पलटणीकडून आलेल्या पत्रात ‘सुभेदार’ हा शब्द कुठेच नव्हता. संतोषने ते तीनदा वाचलं, उलटं करूनही पाहिलं. मागची बाजू कोरी.

‘शिपाई उत्तरेश्वर. काम लांगरी. भरती १९४२. ब्रह्मदेशात दोन वर्षं. सेवामुक्त फेब्रुवारी १९४६.’

लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. आता बोंबला! कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आजोबांच्या फोटोखाली गेली वीस वर्षं सोनेरी अक्षरांत ‘कै. सुभेदार’ लिहिलेलं होतं.

खोटे दाखले पकडणं हा संतोषचा रोजचाच धंदा. हडपसरच्या एका आयटी कंपनीत नव्याने येणाऱ्यांची कागदपत्रं तो तपासायचा. २००४ साल होतं, पोरं दोन-दोन वर्षांचा न केलेला अनुभव छापून आणायची. नाव, नंबर आणि जवळचा नातलग, हे तीन जुळले की माणूस खरा समजायचा आणि फाइल मिटवायची, असा तिथला नियम. आजोबांनाही त्याने तोच लावला. ट्रंकेतल्या सेवामुक्तीच्या दाखल्यावरचा नंबर जुळला. नाव जुळलं. पत्राला जोडलेल्या नोंदीत नातलगाच्या रकान्यात ‘मालन’ होतं. पुढे नातं लिहिलेला भाग झेरॉक्समध्ये काळा आला होता, पण त्यात विचारायचं काय? त्याची आजी, मालनबाई, स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

माणूस खरा, हुद्दा खोटा. असे त्याच्याकडे दिवसाला चार यायचे.

“लांगरी?” त्याच्या वडिलांनी, दिगंबररावांनी, चष्मा काढला. “म्हणजे माझा बाप लढाईत भाकऱ्या थापत होता?”

“चपात्या असतील, बाबा.”

“थोबाड आवर.”

दिगंबररावांचा चेहरा उतरला होता. त्यांचंही खोटं नव्हतं. हडपसरच्या ज्या वसाहतीत ते वाढले, तिथलं मंडळ जुन्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवत होतं. अनावरण त्यांच्याच हस्ते, पत्रिकाही वाटून झालेल्या. मंडळाला फक्त पलटणीकडचं पत्र हवं होतं, कारण उद्या सकाळी पाथरवट अक्षरं कोरायला घेणार होता.

आजोबा बीडकडून पुण्याला आले ते शेहेचाळीस साली. पलटणीतून सुटलेल्यांना कारखान्यात आधी घेत होते. दाखला दाखवला आणि लागले. पुन्हा गावाकडे म्हणून फिरकले नाहीत. “सुभेदारानं आता ढेकळं तुडवायची का?” असं म्हणायचे. माजी सैनिकांच्या मेळाव्यालाही कधी गेले नाहीत. सुभेदाराने शिपायांत बसायचं नसतं म्हणे! घरी मात्र तोफा, जंगल आणि तीन पदकं रोज रात्रीच्या जेवणाला असायची.

“नाव काढून घे,” दिगंबरराव म्हणाले. “कागद मिळाले नाहीत म्हणून सांग. सुभेदार लिहायचं नसेल तर काहीच नको. चारचौघांत शोभा नको.”

संतोषला वाईट वाटलं. ‘सुभेदाराचा पोरगा’ म्हणून शाळेत पहिल्या बाकावर बसलेला माणूस. साठीला आल्यावर त्याला मागच्या बाकावर कोण पाठवणार?

“नाव पडलंच पायजे.” मालनबाई दारात उभ्या होत्या. पत्र मागवायलाही त्यांनीच सहा महिने संतोषच्या मागे भुणभुण लावली होती. “लांगरी तर लांगरी. खरं हाय तेच लिवा.”

“आई, म्हणजे तुला माहीत होतं?”

“न्हाई तर काय! पुण्यात उतरलं तवा हे शिपाई व्हते. कारखान्याच्या फाटकाशी हवालदार झाले. तू शाळंत गेलास तवा सुभेदार.”

संतोषला हसू आलं, ते त्याने कसंबसं दाबलं. दिगंबररावांना मात्र आलं नाही. ते उठून फोनपाशी गेले.

“मंडळाला कळवतो. विषय संपला.”

मालनबाईंनी फोनवर हात ठेवला. ऐंशी वर्षांची बाई, पण तो हात काही केल्या हलेना. त्या घरात त्यांनी कधी आवाज चढवल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

“दिगू, न्हाई म्हनू नगंस. मी आयुष्यात तुझ्याकडं काय मागितलं न्हाई. हे एक मागते. त्या नावाचा एक दगड मला डोळ्यांनी बघू दे, मग खुशाल मरते.”

“अगं, पण लोक हसतील!”

“हसू देत. तू हसशील तर हस. उत्तरेश्वर चांगला मानूस व्हता. पट्टीचा पवनारा. हिरीत बुडून मरनारा न्हवता.”

दिगंबररावांचा हात तसाच राहिला. रेशनकार्ड काढताना असो, मतदार यादीत नाव घालताना असो, मालनबाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. शेजारणीला सांगायला लावायच्या. आणि विहीर कुठली? आजोबा चौऱ्याऐंशी साली दम्याने गेले, याच घरात, दिगंबररावांच्या मांडीवर डोकं ठेवून. म्हातारीला भ्रम झाला की काय, असं संतोषला वाटलं.

“आजी,” तो हळूच म्हणाला, “आजोबा विहिरीत कुठे बुडाले? आणि तू चक्क त्यांचं नाव घेतलंस?”

“नवऱ्याचं न्हाई घेत रं,” मालनबाई म्हणाल्या. “भावाचं घ्यायला काय हरकत हाय? पलटणीतनं येऊन आठच दिस झाले व्हते त्याला. तुजा आजा त्याला घिऊन हिरीवर गेला, आन त्याचे कागद घिऊन एकलाच माघारी आला.”