नजर

"मासो बघू नको, मासो दिसाचो नाय. तेची सावली बघ!" भिवाजी ओरडला आणि भिजलेल्या दोरीचा फटका त्याने सुनेच्या पोटरीवर मारला. कुंदाने फेकलेलं जाळं पुन्हा रिकामं आलं होतं.

नवरा समुद्रात बुडाल्यापासून घरात मासे आणायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून सासरा तिला शिकवत होता. थंडीत ओहोटीला खाडीचं पाणी गुडघ्याएवढंच राही, इतकं नितळ की तळावरचे खेकडे दिसत. नेम चुकला की फटका बसे. वर ऐकावं लागे, "तुझ्याच पायगुणान माझो मुलगो गेलो."

हळूहळू तिची नजर तयार झाली. त्या सकाळी तिला बोय माशांचा घोळका येताना दिसला. त्याआधी दिसलं ते सासऱ्याच्या पुढ्यात वाळूत अंग पुरून बसलेलं चपटं पाकट. त्या माशाच्या शेपटीत विषारी काटा असतो. भिवाजीला ते दिसलं नव्हतं. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

भिवाजी किंचाळून पाण्यात कोसळला. बोय बिचकून वळले, तसं कुंदाने त्यांच्या वाटेवर जाळं फेकलं. ते पहिल्यांदाच पुरतं गोल उघडलं. मासे कमरेच्या टोपलीत भरून झाल्यावर ती त्याच्याजवळ गेली.

"तुका पाकट दिसलां नाय?" पाय आवळून धरत त्याने विचारलं.

"दिसलां," ती म्हणाली आणि जाळं खांद्यावर टाकून किनाऱ्याकडे चालू लागली. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं.