साहेबांच्या मॉरिसचा रेडिओ

"काढून टाका हा. याच्यापेक्षा डास मोठ्यानं गातात," असं म्हणत बलभीमराव साहेब मॉरिसमधून उतरले.

मुरुम गावच्या मोटारस्टँडामागं लालमहंमदचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. अवघड कामं झाडाखाली होत. लालमहंमदनं गाडीत डोकं घातलं. गाडी एका जहागीरदारानं मोडीत काढलेली आणि रेडिओही त्याच काळातला. बटण फिरवलं की तो आधी तापायला वेळ घ्यायचा आणि तापल्यावर नुसता पुटपुटायचा.

"आवाज कितपत पाहिजे साहेब?"

"भरपूर. आम्ही सदा दौऱ्यावर. खिडक्या उघड्या, वारा भणाणतो. सिलोन कसं खणखणीत लागलं पाहिजे."

बलभीमराव दारूबंदीचे नवे इन्स्पेक्टर होते. खात्याची जीप बहुतेक आजारीच असायची, म्हणून ते छाप्याला स्वतःची मॉरिस काढत आणि मागं दोन शिपाई बसवत. माणूस कडक, पण रेडिओचा फार शौकीन.

साहेब चहाला गेले तसा टायरांच्या ढिगामागून बब्रुवान उठला. ओढ्याकाठच्या शिंदीच्या बनात त्याची हातभट्टी होती. निजामाच्या राज्यात तो आणि लालमहंमद एकाच उर्दू शाळेत एकाच मौलवीसाहेबांचा मार खाऊन मोठे झाले होते. लालमहंमद दारूला शिवत नसे, पण दोस्ती ती दोस्ती.

"लालभाई, लई मोठा रेडिओ बसव बग. कोसावर ऐकू यायला पायजे."

"तुला कशाला रे गाणी?"

"गाणी गेली खड्ड्यात! जुन्या साहेबाची जीप खडखडत यायची, आधीच कळायचं. ही मॉरिस मांजरावानी येती. परवा म्या काट्याकुट्यातनं पळालो म्हून वाचलो. लक्ष्मीचं लगीन तोंडावर आलंय. मांडव सोडून मी जेलात बसलो तर सोयरे फिरतील की न्हाय?"

लक्ष्मी बब्रुवानची लेक, लालमहंमदच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. त्यानं सोलापूरहून मोठा सेट आणला, त्याला ताटाएवढा स्पीकर जोडला आणि दार उघडं टाकून बटण फिरवलं. स्टँडावरची कोंबडी उडाली. साहेब खूष झाले.

त्यानंतरच्या छाप्याला आधी गाणं आलं, मग धुरळा आला आणि मग मॉरिस आली. बनात मडकी सापडली, चुली सापडल्या, माणूस एकही सापडला नाही; शेवटचा एकजण तेवढा थोडक्यात निसटला. बब्रुवाननं लालमहंमदला हुरड्याची पिशवी आणून दिली आणि साहेबाच्या अकलेवर पोट धरधरून हसून घेतलं.

थोड्याच दिवसांत मॉरिस पुन्हा गॅरेजपुढं उभी राहिली. लालमहंमदच्या हातातला पाना गळाला. आता आपलं बिंग फुटलं, असंच त्याला वाटलं.

"आवाज कमी पडतोय," साहेब म्हणाले.

लालमहंमदनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मागच्या बाजूला आणखी एक स्पीकर ठोकला. शिपायांच्या पायांना जागा उरली नाही. ते कानांत बोळे घालून बसू लागले.

पुढच्या छाप्याची हकीकत सांगताना बब्रुवानच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आमी सगळे पळालो, पर प्यायला बसलेला एक म्हातारा जागचा हालंना! शिपायानं त्याचं धोतर धरलं. तेवढ्यात हा येंधळा साहेब चिखलात घसरला आन् पडला तो नेमका शिपायाच्याच अंगावर! म्हातारा निवांत गेला निघून. असला साहेब देवानं आपल्यालाच दिला बग."

दुसऱ्याच दिवशी चिखलाचे कपडे धोब्याकडं टाकून साहेब हजर झाले. "लालमहंमद, अजून आवाज पाहिजे."

"आता मिरवणुकीचा कर्णाच बाकी राहिला साहेब."

"मग बसवा. टपावर बसवलात तरी चालेल. तोंड पुढं ठेवा."

लालमहंमदनं कर्णा आणला, पण बसवताना त्याचा हात चालेना. समोरचा माणूस इतका भोळा, स्वतःच्या हातानं स्वतःच्याच गळ्यात घंटा बांधून घेतोय आणि आपण ती घट्ट करून देतोय. उद्या ह्याची नोकरी गेली तर त्याचा तळतळाट कुणाला लागणार? दोस्ती मोठी खरी, पण फसवणुकीलाही काही हद्द असते. बब्रुवानचं नाव घ्यायचं नाही आणि बाकीचं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं.

"साहेब, गुस्सा करू नका. एक बात सांगतो. तुमचा रेडिओ कोसावर ऐकू जातो. गाणं कानावर आलं की भट्टीवाले पळून जातात. म्हणून तुम्हाला कुणी सापडत नाही. तुम्ही रेडिओ बंद ठेवून जा."

साहेबांनी स्टँडाकडं पाहिलं. दोघे शिपाई लांब हॉटेलात भजी खात होते. साहेब लालमहंमदच्या अगदी जवळ आले आणि कर्णा खालून त्यांनी स्वतः धरला.

"ठाऊक आहे मला. काही माणसांना तोंडावर सांगायची सोय नसते, म्हणून हा खटाटोप. आवळा तुम्ही तो स्क्रू."

"मग आणखी आवाज कशाला साहेब? सगळे पळतात की!"

"सगळे पळतात हो," बलभीमराव हताशपणे म्हणाले, "फक्त आमच्या सासऱ्यांना ऐकू येत नाही."