पालथी होडी

“आधी सांग ह्याचं काय करशील, मग हात लाव,” सखूबाई म्हणाली, आणि शेजारणीचा कणगीवरचा हात मागे गेला.

घर रिकामं करायचं होतं. जमीन नव्या मुंबईसाठी सरकारने घेतली, मुलाने, दत्ताने, नवीन पनवेलला ब्लॉक घेतला, आणि त्या ब्लॉकात माणसंच कशीबशी मावणार होती. सून माधुरीचं म्हणणं, अंगणात ढीग करून पेटवून देऊ, उरलेलं खाडीत लोटू. खाडी काय तुझ्या बापाचा उकिरडा हाय, एवढंच सखूबाईने विचारलं. मग तिने सगळं ओट्यावर मांडलं आणि गाव बोलावलं. वस्तू फुकट, पण जो कामाला लावील त्यालाच. फाटकं जाळं कोंबड्यांच्या खुराड्यावर गेलं. शेणाने लिंपून भात भरीन म्हणणारीला कणगी मिळाली. जुनी लुगडी गोधड्यांना आणि बाळंतिणींना. ‘असू दे घरात’ म्हणणारी मात्र हात हलवत परत गेली. आधी स्वतःचा माळा झाड, मग माझ्या ओट्यावर ये, असं वर ऐकूनही गेली.

परसातली होडी तेवढी उरली. तिच्याबद्दल कुणी विचारलंच नाही. सखूबाईचा नवरा मीठ घेऊन हिच्यातूनच गेला होता. होडी परत आली, एकटी, पालथी. तशीच ती वर ओढून परसात टाकली. विकली नाही, कारण उद्या दुसरीचा नवरा जाईल. फोडली नाही, कारण त्या लाकडावर शिजलेला भात कुणाच्या घशाखाली उतरणार? इतकी वर्षं सखूबाई तिच्याजवळून जाताना मान वळवून जायची.

बुधीने ती मागितली. बुधी कर्नाळ्याच्या पायथ्याची कातकरीण, वीटभट्टीवर राबायची. लेकीचे दिवस भरत आले होते आणि भट्टीवरची खोप गवताची. होडी पाण्यात घालणार नाय, विटांवर पालथी ठेवून तिचंच छप्पर करीन, असं तिने सांगितलं. सखूबाईने विचार केला. पाण्याशिवाय ती कुणाला गिळणार? गणूच्या बैलगाडीवर चढून होडी गेली.

पुढच्या आठवड्यात माधुरी बाजारातून बातमी घेऊन आली. बुधीची लेक बाळंत झाली, होडीखालीच. सखूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ज्या तोंडाने आपला माणूस खाल्ला, त्याच तोंडात आपण तान्हं पोर दिलं. तिने गणूला गाडी जुंपायला लावली, गाडीत घराची उतरवलेली कौलं भरली. कौलं बुधीला द्यायची आणि होडी परत आणायची. आणून जाळायची. जाळायचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

भट्टीवर आदल्या संध्याकाळी वावटळ आली होती. सगळ्या खोपी मोडल्या होत्या, पेंढा रानभर पसरला होता. होडी जागची हलली नव्हती. सखूबाई गाडीतून उतरली आणि उभ्यानेच बुधीला म्हणाली, पोर बाहेर काढ, ही माणूसखाऊ हाय. बुधीने वाद घातला नाही.

“आत जाऊन बघ, आय. मग ने.”

सखूबाई गुडघ्यांवर रांगत आत शिरली. आधी नुसता अंधार. मग फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा दिसू लागल्या. लाकडाला अजून मिठाचा वास होता. बाहेर वारा घोंघावत होता, आत कापूस हलला नसता. डोक्यावर होडीच्या फासळ्या एकीला एक लागून वाकलेल्या. आईच्या पोटातून वर बघता आलं असतं, तर असंच दिसलं असतं. बाळंतीण एका कुशीवर गाढ झोपली होती. आणि ज्या फळीवर बसून सखूबाईचा नवरा वल्हं मारायचा, त्या फळीला झोळी बांधली होती. कुणी हलवत नव्हतं, तरी ती हलत होती. आतल्या जिवाचा श्वासच तिला झोका देत होता.

सखूबाईने हात वर नेला. फळीला लावला. तिथेच ठेवला.

बाहेर गणू दोर घेऊन खोळंबला होता. बराच वेळ वाट बघून त्याने वाकून हाक मारली, “दोर टाकू का, सखूबाय? उचलायची ना?”

“हळू बोल, मेल्या,” आतून आवाज आला. “पोर निजलंय.”