तीन दिवसांचा मुक्काम

खाट उंबऱ्यात अडकली. सुनेनं बाहेरून ओढून पाहिली, पण मागचे दोन पाय काही उंबरा ओलांडेनात. शेवटी ती पदर खोचून खाटेखालून सरपटत आत गेली आणि पायथा उचलून ढकलला. खाट धाडकन अंगणात आली.

"हळू," खाटेवर पडलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मी अजून आहे."

खालच्या वळणावर मालगाडीची धडधड सुरू झाली होती. त्या गाडीच्या शेवटच्या डब्यात तिचा नवरा होता, गार्ड. त्याला रजा मिळाली होती ती परवापासूनची. आणि सासूबाई परवापर्यंत टिकतील, असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते.

सासूबाईंनी दोन दिवस ओठ मिटून घेतले होते. पाणी नाही, दूध नाही. मुलगा डोळ्यांना दिसेपर्यंत काही घेणार नाही म्हणाल्या होत्या, आणि वर, "तू त्याला कळवलंच नसशील." सुनेनं चारदा कळवलं होतं. पण आता तेही सांगायचं त्राण उरलं नव्हतं. एकच ठरवलं होतं, म्हातारीला मुलगा दाखवायचा. मग काय व्हायचं ते होवो.

एका गोष्टीत मात्र हे घर नशीबवान होतं. तिथला चढ इतका उभा, की रूळ सरळ वर नेताच आले नव्हते. ते डोंगराला विळखे घालत चढले होते आणि रेल्वेचं हे क्वार्टर बरोबर त्या विळख्यांच्या मध्ये. त्यामुळे वर जाणारी एकच गाडी घराजवळून तीनदा जायची. आधी अंगणाच्या खालून, मग घरामागच्या उतारावरून, मग पार वरच्या पुलावरून. प्रत्येक वळशाला वीसेक मिनिटं. थांबायची मात्र एकदाही नाही, कारण भरलेली गाडी त्या चढावर थांबली की पुन्हा हलवताना सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे.

इंजिन गेलं. डबे गेले, माणसाच्या चालीनं, कुरकुरत. शेवटच्या डब्याच्या दारात तो अर्धा बाहेर वाकून उभा होता.

"आई! मी आलोय!"

सासूबाईंनी डोळे उघडले. हात दोन बोटं वर उचलला गेला.

"औषध दिलंस का?" त्यानं बायकोला विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत डबा बोगद्यात शिरला.

"किती वाळलाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचा डोळा लागला.

सून खाट फिरवायला लागली. एकदा उशाकडून, एकदा पायथ्याकडून, वीत वीत. तोंड मागच्या उताराकडे व्हायला हवं होतं. ते झाल्यावर ती पायरीवर बसली आणि लगेच उठली. बसलं की डोळे मिटत होते, आणि आता झोप लागली तर गाडी चुकणार. तिनं रांजणातलं पाणी तोंडावर मारलं आणि उभीच राहिली. आपण शेवटचं नीट कधी झोपलो, हे तिला आठवेना.

धडधड पुन्हा जवळ आली. सासूबाई जाग्या झाल्या. खाट फिरल्यामुळे ऊन आता त्यांच्या दुसऱ्या गालावर पडलं होतं.

"उजाडलं वाटतं," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "अगं, आज पण आला?"

अहो, तीच गाडी ती, असं सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"हो, आई. आज पण आलेत."

"आई! काही खाल्लंस का?" तो वरून ओरडला.

सासूबाई गडबडल्या. मुलाशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी घाईघाईनं तोंड उघडलं. सुनेनं दुधाचा चमचा आत सारला. मग दुसरा, मग तिसरा.

"घेतलं म्हणावं," सासूबाई पुटपुटल्या. तोवर डबा वळणाआड गेला होता. त्याही पुन्हा पेंगल्या.

पूल फार उंच होता. उशी दुमडून भागेना, तेव्हा सून स्वतःच उशाशी बसली आणि तिनं सासूबाईंचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. अंग केवढंसं हलकं झालं होतं, पण तेवढंही आज तिला पेलवत नव्हतं. गाडी आली तेव्हा तिनं हलवून त्यांना जागं केलं. वर तो बोटाएवढा दिसत होता. आवाज पोचत नव्हता, नुसता हात हलत होता. सासूबाई डबा दिसेनासा झाल्यावरही बघत राहिल्या.

"तीन दिवस राहिला की गं," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"एवढं काम टाकून. आता जाऊ दे त्याला. अडवू नकोस."

"नाही अडवत."

सासूबाईंनी मान कलती केली आणि इतक्या जवळून सुनेचा चेहरा निरखला. बराच वेळ.

"आणि तुझं काय चाललंय हे? तीन दिवस बघतेय मी. एकदासुद्धा पाठ टेकली नाहीस."

इतक्या दिवसांत हे तिला कोणीच म्हटलं नव्हतं. डॉक्टर नाही, नवरा नाही. सून काहीतरी बोलायला गेली आणि तिला रडूच फुटलं. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग सगळा जोर लावून त्या खाटेच्या कडेला वीतभर सरकल्या.

"पड इथे," त्या म्हणाल्या. "गाडी आली की मी उठवते."