तिसरं सॉफ्टवेअर

अर्धांगवायूच्या झटक्यानं रोहिणीची वाचा गेली, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून डाव्या हातानं ती रोज एकच काहीतरी कागदावर खरडायची आणि तिला काय हवंय ते कळावं म्हणून तिचा नवरा गोरक्षनाथ तो कागद स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरवर चढवायचा. हस्ताक्षर ओळखणारं पहिलं सॉफ्टवेअर म्हणालं, मजकूर सापडला नाही. दुसऱ्यानं नुसते 'ठ' आणि 'ळ' काढून दिले. आज नगरच्या दुकानदारानं छातीठोकपणे सुचवलेल्या तिसऱ्यानंही हात टेकले, तसा तो तिच्या खाटेपाशी मटकन खाली बसला.

"पाया पडतो तुझ्या, रोहिणी! एकदा, एकदाच नीट लिही गं!"

तिनं डोळे मिटून घेतले.

भांडी घासायला आलेल्या कडूबाईनं ओल्या हातानंच कागद उचलला. "आवो साहेब, हे लिव्हलेलं कुठं हाय? ताईंची रांगोळी हाय ही. दोन म्हैने दारात कुनी काढली न्हाई, जीव तुटतोय त्यांचा."



बावीस वर्षं रोज सकाळी तीच रांगोळी ओलांडून तो कामाला गेला होता.