बरडाची अदलाबदल

खेमराजनं वाकून मूठभर माती उचलली आणि दाबून पाहिली. ओलसर, काळपट माती. मुठीत तिचा गोळा झाला.

मानमोडीच्या साथीत त्याचा धाकटा भाऊ बिसराम गेला. त्या वेळी हेच वावर त्यानं बिसरामच्या विधवेला, शामकलाला, पोटापुरतं म्हणून काढून दिलं. तळ्याखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यानं स्वतःकडे ठेवली. तिच्या वाट्याला आलं ते बरड, नुसता लाल मुरूम, जिथं कोदोसारखं हलकं धान्यही वीतभर वाढून जळून जायचं. मूल ना बाळ, बाई कंटाळून माहेरी जाईल, असा त्याचा हिशेब होता.

शामकला गेली नाही. कुठून तरी एक लाल कालवड आणून तिनं बरडावर बांधली. जागा शेणामुतानं भिजली की खुंटा चार हात पुढं सरकवायचा, मागं तूर नाही तर ताग पेरायचा. ताग फुलावर आला की नांगरून मातीत गाडायचा. उतारावर तिनं आडवे बांध घातले. वावरातला चारा गाईंना आणि गाईंचं शेण वावराला, असं चालत राहिलं. पुढं कालवडीचं खिल्लार झालं. दुधाचा खवा सालेकशाहून रेल्वेनं गोंदियाच्या हलवायाकडे जाऊ लागला. गाव आधी हसलं, मग हसायचं थांबलं.

यंदा श्रावणात तळ्याची पाळ फुटली. खेमराजच्या बांध्यांवर गुडघाभर वाळू बसली. त्याची बायको शांतीबाई असती तर तिनं त्याला आज इथं येऊ दिलं नसतं. पण ती गेल्या हिवाळ्यात वारली होती. म्हणून तो चैतराम पाटलाला सोबत घेऊन आला होता. जमीन अजून त्याच्याच नावावर होती. वाळूच्या बांध्या शामकलानं घ्याव्या, बरड त्याला परत द्यावं, असं त्यानं पाटलाकरवी सांगितलं. स्वतः तो बोलला नाही. भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिनंही तोंडावर ओढलेला पदर वर करायचा नाही, अशी रीत होती.

ती रडेल, भांडेल, पंचांकडे जाईन म्हणेल, या सगळ्याला उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं. शामकलानं पदराआडून ऐकून घेतलं, थोडा वेळ वावराकडे पाहिलं आणि पाटलाला एवढंच म्हणाली, "वावर त्याह्यचंच हाये. घेऊ द्या."

मग ती गाई सोडू लागली.

खेमराज गोंधळला. तिनं खवा आटवायची कढई डोक्यावर घेतली, खिल्लार पुढं घातलं आणि वाळूच्या बांध्यांची वाट धरली. गाईही रोजच्यासारख्या मुकाट निघाल्या. त्या जातील तिथली माती काळी होईल, हे त्याला आत्ता कुठं कळलं. आपल्या हातात जमीन आली होती. तिला काळी करणारं सगळं त्या वाटेनं चाललं होतं.

खुंट्याला एक म्हातारी लाल गाय तेवढी मागं राहिली होती.

"पाटील, तिले सांगा, एक गाय विसरली मनून," तो म्हणाला.

शामकला थांबली. मागं वळली. पदर होता तसाच ठेवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सरळ त्याच्याशी बोलली.

"विसरली नाई. ते तुमचीच हाये. कालवड बिबट्यानं नेली मनून शांतीबाईनं तुमाले सांगतलं होतं ना, तेच हे. वाटणीच्या दिवशी तिनं सोताच मले आणून देल्ली."

खेमराज गाईजवळ गेला. तिच्या कपाळावर त्यानं हात ठेवला. बिबट्याची ती गोष्ट सांगताना शांतीबाई किती रडली होती, ते त्याला आठवलं. त्यानं तिची समजूत घातली होती.

मग पाटलाकडे न बघता तो म्हणाला, "गाई परत आण, बाई. इथंच बांध. माह्या वाळूत खतासाठी कवा बसवाच्या, ते तूच सांग."