नावाची मेंढी

“सीमे, ही आता तुही.”

शिवहारनं आपली काळी मेंढी हाकत आणली आणि धाकट्या बहिणीच्या पुढ्यात सोडली. सीमा लोकर वेचत होती. ती नुसती हसली.

साखऱ्याच्या माळावर मसाजीच्या मेंढ्यांची कातरणी चालली होती. पोराचं बोलणं ऐकून मसाजी मांडीखालच्या मेंढीला विसरला. हिंगोलीचं होस्टेल सोडून आल्यापासून पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलेलं असायचं. जेव म्हटलं तर दोन घास, बोल म्हटलं तर तेही नाही. आज मात्र ते पहाटे उठलं, अंघोळ केली, भाकरी मागून खाल्ली आणि आता चक्क हसत होतं. मसाजीचा आनंद पोटात मावेना.

“बघ अक्का,” तो थोरल्या बहिणीला, नर्मदाबाईला, म्हणाला, “आलं का न्हाई पोरगं ताळ्यावर? मेंढी बहिणीला देऊन राहिलं. आता कालेजात परत जातंय बघ. औंढ्याला जाऊन नारळ फोडतो मी.”

नर्मदाबाईचे लोकरीवरचे हात थांबले होते. ती मेंढीकडं बघत होती.

या घरात लेकरू जन्मलं की बारशाला एक कोकरी त्याच्या नावाची व्हायची. ती थकली की तिच्याच पोटची एखादी तिच्या जागी यायची. नावाची मेंढी कातरताना तिचं डोकं नावाच्या माणसानंच धरायचं. ती विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. धनी या जगातून गेला, तरच ती दुसऱ्याची व्हायची. हे मसाजीला माहीत नव्हतं असं नाही. पण आनंदात माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं.

नर्मदाबाईला दुसरंही आठवत होतं. असाच निवांत झालेला चेहरा तिनं एकदा आपल्या धाकट्या दिराचा पाहिला होता. त्या दिवशीही सगळे म्हणाले होते, सुधारला.

ती उठली. शिवहार लिंबाखाली जाऊन टेकला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

“शिवहार, एक इचारते. खरं सांग. जिवाचं काही बरंवाईट करायचं हाय का तुह्या मनात?”

मसाजी ताडकन उठला. “अक्का! सणासारख्या दिवशी काय अभद्र बोलून राहिलीस? नसलेलं घालशील लेकराच्या डोक्यात!”

“नसंल तर न्हाई म्हणंल की,” नर्मदाबाई म्हणाली. “बोलू दे त्याला.”

शिवहारच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तो मातीत बोट फिरवत राहिला.

“व्हय,” तो म्हणाला.

अर्धी कातरलेली मेंढी मसाजीच्या हातून निसटून कळपात शिरली. ती धरायलाही कुणी गेलं नाही.

“काहून रे?” मसाजीचा आवाज फाटला. “काय कमी केलं आमी तुला?”

“कमी काय न्हाई, आबा. मला झोपच येत न्हाई. आतून समदं इझल्यावानी झालंय. तुमाला माही उगंच तकलीफ.”

मसाजी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात नर्मदाबाईनं हातानंच त्याला गप्प केलं. “आज होतं का मनात?” तिनं विचारलं.

त्यानं होकाराची मान हलवली.

“बरं केलंस सांगितलंस. आता मी तुला एकटं सोडत न्हाई. आन हे बघ, तकलीफ झाली तरी चालंल, पण तू आमाला पायजेस.” तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. “उद्याच्याला यष्टीनं हिंगोलीला जाऊ. पाय मोडल्यावर जातो तसं दवाखान्यात जायचं. तिथं न्हाई जमलं तर परभणी हाय.”

“आन गाव?” मसाजी पुटपुटला. “पोराला येडा म्हणतील.”

“म्हणू दे. येडा म्हणायला तरी पोरगं ऱ्हायला पायजे का नको?”

मसाजी खाली बसला. मग काही आठवल्यासारखा उठला, पोराच्या हाती लागतील अशा पसरलेल्या कातरी गोळा केल्या आणि मुकाट्यानं बहिणीच्या ओटीत नेऊन टाकल्या. कातरणीपुरती त्यातली एक त्यानं परत उचलली.

सीमा काळ्या मेंढीला ढकलत लिंबाखाली घेऊन आली. तिचे डोळे भरले होते. “भाऊ, मला न्हाई पायजे ही. तुहीच हाय. तूच धर.”

शिवहारनं मेंढीच्या डोक्यावर हात ठेवला. मसाजीनं तिच्या पाठीला कातर लावली. जन्मभर कातरणी करून त्यानं कधी मेंढीला ओरखडा उठू दिला नव्हता. आज कातर सारखी कातड्याला घासत होती. एक मूठभर लोकर निघाली आणि तो थांबला. कातर त्यानं नर्मदाबाईकडं दिली.

“आज न्हाई जमत. हिंगोलीहून आल्यावर कातरू हिला.” तो मेंढीकडं बघतच बोलत होता. मग त्यानं मान वर केली. मघाशी जे तोंडातून काढायला त्यानं बहिणीला मनाई केली होती, तेच त्याला आता विचारायचं होतं. “डोकं धरायला तू ऱ्हाशील न्हवं?”

शिवहारनं मेंढीच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

“ठाव न्हाई, आबा.”

“बरं,” मसाजी म्हणाला. त्यानं पागोटं काढून मातीत ठेवलं आणि मेंढीच्या दुसऱ्या बाजूनं तिच्या डोक्यावर, पोराच्या हातावर, आपला हात ठेवला. “मग मी हितंच बसतो.”